अण्णांनी वाटलेली भांग

अण्णा पाट्याशी बसले तेव्हा त्यांच्या अंगात कोट होता. बाहेरून आले ते चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. पाटा भिंतीपासून ओढून मध्ये घेतला, तांब्याभर पाण्यानं धुतला आणि कोटाच्या बाह्या मागे सारून वरवंट्याला हात घातला. मी मधल्या खोलीत कॉटवर पडलो होतो. दारातून त्यांची पाठ दिसत होती. वरवंटा त्यांना धड धरताही येत नव्हता. आई होती तोवर आईनं वाटलं, ती गेल्यावर माझ्या बायकोनं, कुमुदनं. अण्णा उभ्या आयुष्यात पाट्याशी बसले नव्हते.

काय वाटताय, असं मी विचारायला हवं होतं. पण त्या दिवसांत मी कुणाला काही विचारत नसे. नुसता ऐकत पडलो. थोड्या वेळानं ओल्या गवतासारखा, जरा उग्र वास आला. त्यात मग मिरी आणि बडीशेप मिसळली. उज्जैनमध्ये वाढलेल्या माणसाला हा वास कशाचा ते सांगावं लागत नाही. तरी मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आमच्या घरात हा वास येणं शक्य नव्हतं.

अण्णा शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. चहा दिवसातून एकदा, सुपारी नाही, तंबाखू तर दूरच. मी मॅट्रिकला असताना माझ्या सदऱ्याला बिडीचा वास आला, तर त्यांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शिवरात्रीला, होळीला गल्लीत पिंपं भरून ठंडाई निघायची. सगळं गाव प्यायचं. अण्णा आम्हाला घरात घेऊन दाराला कडी लावायचे. 

ते आले तेव्हा त्यांच्या हातात पितळी पेला होता. फडक्यातून गाळलेलं, हिरवट झाक असलेलं दूध.

"घे," ते म्हणाले.

"अण्णा, हे..."

"सरकारी ठेक्याच्या दुकानातली आहे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतली. कमीच घातलीय. घे."

मी उठून बसलो आणि प्यायलो. नको म्हणायलासुद्धा जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. रस्ते, मोऱ्या, लहान पूल यांचे नकाशे काढायचे. काम मला आवडत असे. श्रावणात कधीतरी असं झालं की कागद ताणून बसवला, पट्टी लावली, रेघ ओढायला घेतली आणि ती कुठवर न्यायची तेच कळेना. आकडे समोर होते. पण हात तिथेच थांबला आणि दुपारपर्यंत थांबून राहिला. साहेबांनी ताप आहे का विचारलं. ताप नव्हता. पुढे आंघोळ करणं जड झालं, मग जेवणं, मग बोलणं. झोप पहाटे मोडायची आणि मोडली की छातीवर काहीतरी येऊन बसायचं, ते दिवे लागेपर्यंत हलायचं नाही. वैद्यांनी यकृताचा दोष सांगितला, काढे दिले. अण्णांनी ते नेमानं उकळले.

माझी मुलगी मेधा तेव्हा पाच वर्षांची होती. ती कॉटपाशी येऊन उभी राहायची, माझे डोळे उघडे आहेत का ते बघायची आणि मागे सरकत निघून जायची. एकदा तिनं कुमुदला विचारलेलं मी ऐकलं, "बाबा झोपत पण नाहीत आणि उठत पण नाहीत. मग ते काय करतात?"

दिवाळीनंतर कुमुद तिला घेऊन खंडव्याला माहेरी गेली. जाताना माझ्या पायाशी बसून म्हणाली की मी सोडून जात नाहीये, मेधाला थोडे दिवस दुसरं घर दाखवून आणते. त्याआधी ती अण्णांशी एकदा बोलली होती. इंदूरला डॉक्टर मोघे म्हणून आहेत, अशा आजारावर औषध देतात, आपण ह्यांना नेऊ या. अण्णांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. "आपल्या घरात तसलं काही नाही," एवढंच म्हणून ते पेपर वाचायला लागले.

अशा माणसानं माझ्यासाठी भांग आणली होती. दुकानावर काय घडलं ते मला पुष्कळ वर्षांनी त्या दुकानदारानंच सांगितलं. अण्णा बराच वेळ समोरच्या देवळाच्या ओट्यावर बसून होते म्हणे. गिऱ्हाईक ओसरल्यावर आले. हा मनुष्य लहानपणी ज्या शाळेत होता तिची तपासणी अण्णांनी केलेली. त्यानं ओळखलं, खाली उतरून पाया पडला. अण्णा घाबरले आणि म्हणाले, घरी पूजा आहे. आणि मग किती घालायची, कशी धुवायची, सोबत काय वाटायचं, हे सगळं उभ्या उभ्या दोनदा विचारून घेतलं.

त्या पहिल्या संध्याकाळी बराच वेळ काहीच झालं नाही. अण्णा समोर खुर्ची घेऊन बसले होते, ताप उतरायची वाट बघत बसावं तसे. मग मला भूक लागली. कितीतरी आठवड्यांनी लागली. अण्णांनी खिचडी केली होती, ती खाली लागली होती. मी ती खाल्ली, परत मागितली, पुन्हा मागितली आणि म्हणालो, "अण्णा, खिचडी करपलीय." का कोण जाणे, मला त्याचं हसू आलं. करपलेली खिचडी तीनदा मागून घेणारा मी आणि हातात डाव धरून गंभीरपणे वाढणारे अण्णा. मी हसत सुटलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी डाव पातेल्यात ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि उपरण्यानं डोळे पुसले.

रात्री मी झोपलो, तो उजाडल्यावरच उठलो.

मग तो रिवाजच पडला. दिवेलागणीला अण्णा पाट्याशी बसायचे. हळूहळू त्यांचा हात बसला. दुकानातून ते तयार गोळी आणत नसत, त्यात कुणी काय घालेल याचा भरवसा नाही म्हणायचे. सुकी पानं आणून स्वतः धुवायचे. मी पेला रिकामा केला की खुर्ची ओढून समोर बसायचे. आम्ही बापलेक असे कधी बसलोच नव्हतो. चढेपर्यंत वेळ जावा म्हणून ते बोलायला लागले. बैलगाडीतून शाळा तपासायला जायचे, त्या गोष्टी. एका खेड्यात मास्तरच नव्हते आणि मुलं मात्र रांगेत बसून पाढे म्हणत होती. कुठल्याशा गावात फळा नव्हता म्हणून मास्तर दारावर लिहायचे आणि दार उघडलं की धडा बाहेर जायचा. हे सगळं त्यांच्या पोटात होतं, याचा मला पत्ता नव्हता.

प्यायल्यावर मला काय वाटायचं ते सांगतो, कारण पुढे ते मला अनेकांनी विचारलं. आनंद वगैरे होत नसे. छातीवरचं ते जड कुणीतरी उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवल्यासारखं व्हायचं. ते खोलीतच असायचं, पण माझ्या अंगावर नसायचं. तेवढ्या वेळात मी जेवत होतो, ऐकत होतो, कधी हसत होतो. थंडी पडली तोवर मी दाढी करायला लागलो. चार-सहा दिवस ऑफिसातही जाऊन बसलो. अण्णांनी खंडव्याला कळवलं, संक्रांतीला या, विदू सुधारतोय.

त्याच सुमारास उलटं फिरलं. सकाळ आणखी जड झाली. डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटायचं. वाक्य सुरू केलं की अर्ध्यावर ते कशाबद्दल होतं ते विसरायचो. संध्याकाळी तेवढ्यानं भागेना. अण्णांनी चिमूटभर वाढवली, मग आणखी चिमूटभर. कधी प्यायल्यावर छाती इतकी धडधडायची की शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं वाटायचं. एकदा रस्त्यावरून दोन बायका बोलत गेल्या आणि त्या माझ्याबद्दलच बोलत होत्या याची मला खात्री पटली. त्या लांब गेल्या तरी मी खिडकीच्या कडेला दबून उभा होतो.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

तरी मी पीत राहिलो. भांगेसाठी नव्हे, अण्णांसाठी. ते पेला दोन्ही हातांनी पुढे करायचे आणि शेवटच्या घोटापर्यंत उभे राहायचे. मी रिकामा पेला परत दिला की मगच खुर्चीवर बसायचे. त्यांच्या दिवसाला त्या एका घडीनं आकार आला होता. सकाळी पानं निवडायची, दुपारी खरबुजाच्या बिया सोलून मगज काढायचं, संध्याकाळी वाटायचं. हे घेऊन मी बरा होतोय, हे ते डोळ्यांनी बघत होते. त्यांचं ते बघणं मोडायची मला हिंमत होईना.

कुमुद आणि मेधा यायच्या आदल्या दिवशी अण्णा दुपारीच पाट्याशी बसले. मी कॉटवर होतो. त्यांनी पेला आणला तेव्हा नेहमीपेक्षा घट्ट दिसला.

"आज लवकर घे," ते म्हणाले. "जरा जास्त घातलीय. चांगली झोप लागेल. उद्या त्या दोघी येतील तेव्हा ताजा असशील."

मी पेल्याकडे बघितलं. उद्या मेधा दारात उभी राहील आणि माझे डोळे उघडे आहेत का बघेल, हे मला दिसलं.

"नको अण्णा."

"का?"

"नको. आता बास."

"थोडी कमी करतो."

"तसं नाही. मला नकोच आहे."

मला वाटलं होतं ते रागावतील. निदान हट्ट कशाचा म्हणून विचारतील. त्यांनी पेला खाली ठेवला. मग ते गुडघ्यावर बसले आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझे पाय धरले. सासष्ट वर्षांचा माझा बाप. मी ओरडून मागे सरकलो, त्यांचे हात सोडवले, त्यांना कॉटवर बसवलं. त्यांचं अंग लहान मुलासारखं हलकं लागलं.

"नको म्हणू नकोस, विदू," ते म्हणाले. "वाटलं तर कमी करू. पण बंद करू नकोस. दिनूची आम्ही तोडली होती."

दिनू कोण, हे मला क्षणभर लागेना. मग आठवलं. अण्णांचा धाकटा भाऊ, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेला. घाटावर पाय घसरला आणि शिप्रेत बुडाला, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याचा फोटो आमच्या घरात नव्हता. आईसुद्धा त्याचं नाव घेत नसे.

अण्णा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघून.

दिनू चोवीस वर्षांचा होता. कॉलेज सोडून घरी आला आणि आडवा झाला तो वर्षभर. तुझ्यासारखाच, अण्णा म्हणाले, अगदी तुझ्यासारखा. जेवायचा नाही, बोलायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग घाटावरच्या आखाड्यातल्या कुणीतरी त्याला भांग दिली. तो रोज संध्याकाळी तिकडे जायला लागला. परत यायचा तो जेवायला मागायचा. माझ्या आजीजवळ, म्हणजे त्याच्या आईजवळ, बसून तिच्याशी गप्पा मारायचा. आजी म्हणायची, माझा मुलगा परत मिळाला. पण गावात बोलणं सुरू झालं. लघाट्यांचा मुलगा भंगडी झाला. आजोबांनी फर्मान काढलं.

"मी थोरला," अण्णा म्हणाले. "मी त्याला घाटावरून दंड धरून आणला. लोक बघत होते. वर माडीवर कोंडला. कडी मी लावली. जेवण मी नेऊन द्यायचो. तो दाराआडून रोज एकच म्हणायचा. दादा, संध्याकाळपुरतं सोड. फक्त संध्याकाळपुरतं."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"मग एक दिवस तो म्हणायचा थांबला. शांत झाला. जेवला. आम्हाला वाटलं, सुटली सवय. मी कडी काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नदीवर गेला."

"पाय घसरला," मी म्हणालो. तो प्रश्न नव्हता. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य तोंडातून आपोआप गेलं.

"दिनू शिप्रा आरपार पोहायचा," अण्णा म्हणाले. "पुरातसुद्धा."

मला आता सगळं उमगत होतं. पहिल्या दिवशी पाट्याशी बसताना कोट काढायचंही भान त्यांना का नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी लावलेली कडी ते रोज संध्याकाळी काढत होते.

आणि म्हणूनच मला ती गोष्ट सांगणं भाग होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "मी सांगतो ते मध्ये न बोलता ऐका."

त्यांनी मान हलवली.

"श्रावणापासून माझ्या मनात मरायचा विचार येतो. रोज येतो. आधी तो आला की मी घाबरायचो. घाम फुटायचा. उठून बसायचो, दिवा लावायचो, मेधाचं नाव घ्यायचो. तुम्हाला वाटायचं मला झोप येत नाही. मी त्या विचाराला भिऊन जागा राहायचो."

"आणि आता?"

"आता विचार तोच येतो. भीती वाटत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना समजलं नाही.

"संध्याकाळी बरं वाटतं, ते खरं आहे," मी म्हणालो. "तुम्ही बोलता, मी जेवतो, ते सगळं खरं. पण तो विचार जात नाही. तो माझ्याशेजारी बसून तुमच्या गोष्टी ऐकतो. मला त्याची सवय झालीय. भीती होती तोवर मी त्याच्यापासून लांब पळत तरी होतो."

त्यांना समजलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं आणि सांगितल्याचा पश्चात्ताप झाला, पण शब्द परत घेता येत नव्हते. त्यांनी पेला उचलला. फेकला वगैरे नाही. स्वयंपाकघरात नेऊन मोरीत ओतला, पेला घासला, पालथा घातला. पाटाही धुतला. बराच वेळ पाणी वाहत होतं. मग ते दारात आले.

"तो इंदूरचा डॉक्टर. कुमुद म्हणाली होती तो. काय नाव त्याचं?"

"मोघे."

"ऊठ. सदरा घाल."

बसस्टँडवर इंदूरची गाडी उभीच होती. वाटेत आम्ही बोललो नाही. गहू वीतभर वर आलेला होता, आणि एवढं हिरवं बघून मला काहीच वाटलं नाही, हे मला आठवतं. इंदूरला उतरल्यावर अण्णांनी तीन ठिकाणी पत्ता विचारला. विचारताना ते मानसिक आजाराचे डॉक्टर असं स्पष्ट म्हणत होते, जरा मोठ्यानंच.

डॉक्टर मोघे म्हणजे बाई निघाल्या. पन्नाशीच्या, अंगात राखाडी स्वेटर, आवाज सावकाश. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना होता. त्यांनी मला प्रश्न विचारले ते इतके साधे होते की मी सगळ्यांची उत्तरं दिली. झोप, भूक, काम. मरायचा विचार येतो का, असंही त्यांनी तशाच आवाजात विचारलं, डोकं दुखतं का विचारावं तसं. मग नशेचं काही घेता का म्हणाल्या. मी बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "भांग. मी दिली. त्यानं मागितली नव्हती."

त्या रागावल्या नाहीत. किती, किती दिवस, प्यायल्यावर काय होतं, सकाळी काय होतं, सगळं लिहून घेतलं. मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "काका, यांना संध्याकाळी बरं वाटत होतं हे खोटं नाही. पण आजार आत तसाच राहिला. आणि यांच्या बाबतीत तो भांगेनं वाढतोय. वेळेवर आलात."

अण्णांनी मान खाली घातली.

"घराण्यात आणखी कुणाला असा त्रास होता?" त्यांनी विचारलं. "कुणी जीव दिला होता?"

मी अण्णांकडे बघितलं नाही. आपल्या घरात तसलं काही नाही, हे वाक्य आता येईल असं मला वाटलं. दुपारचं बोलणं दुपारपुरतं, परक्या बाईसमोर ते निघणार नाही.

"माझा धाकटा भाऊ," अण्णा म्हणाले. "त्यानं जीव दिला. सत्तेचाळीस साली."

डॉक्टरांनी लिहिलं.

"नाव लिहिलंत?"

"नावाची तशी गरज नसते, काका."

"लिहा. दिनकर."

त्यांनी नाव लिहिलं. अण्णा वाकून ते अक्षर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही आता याला ज्या गोळ्या देणार, त्या तेव्हा मिळाल्या असत्या का?"

"नाही. तेव्हा अशी औषधं निघालीच नव्हती."

"मग आम्ही त्याची भांग तोडली नसती तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना सगळं माहीत नव्हतं, पण पुरेसं कळलं असावं.

"ते सांगता येणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या अण्णांच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या, मला एकटं सोडू नका म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवशी कुमुद आली तेव्हा अण्णांनी तिला दारातच सगळं सांगितलं आणि तुझं ऐकलं नाही, चुकलो म्हणाले. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचा. महिनाभर फरक दिसला नाही. मग एका सकाळी मी उठलो आणि छातीवर काही नव्हतं. उन्हाळ्यात मी कामावर गेलो. आजार नंतर दोनदा परत आला, दोन्ही वेळा मी इंदूरला गेलो. आता गुडघे सोडले तर माझं बरं चाललंय. पण करपलेल्या खिचडीला मी जसा हसलो होतो तसा पुन्हा कधी हसलो नाही. मी जगलो, नोकरी केली, मुलीचं लग्न केलं. ते हसणं मात्र तिथेच राहिलं. अण्णा त्यानंतर नऊ वर्षं होते.

पण मला सांगायचं होतं ते परतीच्या बसमधलं.

अंधार पडला होता. खिडकीची काच बसत नव्हती, गार वारा आत येत होता. अण्णा खिडकीशी, मी त्यांच्या शेजारी. वाटेतलं सांवेर मागे पडलं. रोज या वेळेला ते पाट्याशी असायचे. त्यांचे हात मांडीवर नुसतेच पडले होते.

"विदू," ते म्हणाले, "डॉक्टरांना ते कुठून कळणार. त्यांनी पुस्तकात वाचलंय. तुला ते आतून माहीत आहे."

"काय?"

"दिनू मागत होता ते मी त्याला दिलं असतं, तर तो वाचला असता का?"

बंद दाराआडून येणारा तो आवाज मी दुपारपासून ऐकत होतो. संध्याकाळपुरतं सोड. एका संध्याकाळची किंमत मला ठाऊक होती. तेवढ्यावर माणूस दुसऱ्या दिवसाची दुपार कशी काढतो तेही ठाऊक होतं. माझी भीती भांगेनं खाल्ली. त्याची कदाचित राखली असती. एकेक संध्याकाळ करत तो कुठवर गेला असता? औषधं निघेपर्यंत? की पुढच्या आठवड्यापर्यंत? मला माहीत नव्हतं. आजही नाही.

"नसता वाचला, अण्णा," मी म्हणालो.

समोरून ट्रक आला. त्याच्या उजेडात मला दिसलं की ते माझ्याकडेच बघत होते.

"खरं सांगतोयस?"

"हो."

त्यांनी मान हलवली, मफलर कानांवरून ओढून घेतला आणि डोळे मिटले. उज्जैन येईपर्यंत ते झोपले. चांगली गाढ झोप लागली होती त्यांना, डोकं माझ्या खांद्यावर आलं तरी जाग आली नाही. मी दुपारी त्यांना खरं सांगितलं होतं, म्हणून संध्याकाळी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.